माइकवरचा पैलवान

केबलवर फ्रीस्टाइल पाहत वाढलेल्यांना हॉवर्ड फिंकेल हे नाव कदाचित आठवणार नाही, आवाज मात्र आठवेल. सूट-बो घातलेला हा गृहस्थ रिंगच्या मधोमध उभा राहून मल्लांची नावं पुकारायचा. विजेतेपदाचा पट्टा एकाकडून दुसऱ्याकडे गेला की 'अँड न्यू'मधला 'न्यू' असा ताणायचा, की पुढचं नाव येण्याआधीच प्रेक्षक उठून उभे राहायचे.

फिंकेल जन्मले 1950 मध्ये, अमेरिकेतल्या नेवार्कला. 1977 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी पहिल्यांदा माइक हातात घेतला. पुढे डब्ल्यूडब्ल्यूई झालेल्या फ्रीस्टाइल कंपनीचे ते पहिले कर्मचारी. कंपनीच्या 'रेसलमेनिया' सोहळ्याचं नावही त्यांनीच सुचवलं असं मानतात; तो पहिल्यांदा 1985 मध्ये झाला. 1995 मध्ये तर त्यांनाच रिंगमध्ये उतरवलं. प्रतिस्पर्ध्याचा सूट आधी उतरवेल तो जिंकला, असली ती झुंज! 2009 मध्ये कंपनीच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांची वर्णी लागली. 16 एप्रिल 2020 रोजी, 69व्या वर्षी ते गेले.

आता खरी गोष्ट. टीव्हीवरच्या या फ्रीस्टाइलचा निकाल आधीच ठरलेला असतो. ठरलेली गोष्ट आत्ताच घडली असं हजारोंना वाटायला लावणं, ही फिंकेल यांची कारागिरी. आपल्या मातीतल्या कुस्तीच्या निवेदकापुढचा पेच नेमका उलटा. कुस्ती कशी सुटेल हे त्याला, पंचांना, खुद्द पैलवानांनाही ठाऊक नसतं.

कुस्ती-निवेदक शंकर पुजारी यांना ज्यांनी ऐकलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली, की मागच्या रांगांना दिसते फक्त उडालेली माती. एकाने एकेरी पट काढला, दुसरा खाली गेला, वरच्याने घिस्सा भरला. क्षणात घडलेलं हे निवेदक तेवढ्याच क्षणात सांगतो. जोड अडून राहिली की पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद, आजवरच्या गाजलेल्या कुस्त्या असं सगळं बाहेर काढतो. हलगी चढते तसा त्याचा आवाजही चढतो. मध्येच कुणी शंभराची नोट पुढे करतो, त्याचंही नाव घ्यावं लागतं. आणि कुस्ती बरोबरीत सोडवली तर ओरडणाऱ्या पब्लिकला शांत करायचं कामही त्याच्याच गळ्यात. माझ्या मते फिंकेलपेक्षा हे काम अवघड.

असा निवेदक खानदेशातही हवा, कारण इथे कुस्ती परकी नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीने 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली. सातपुड्यात मोलगीकडे मात्र गर्दीला बांधून ठेवतो तो ढोल. तिथल्या काठी गावच्या राजवाडी होळीत रात्रभर माणसं नाचतात, त्यांना माइकवरून काही सांगावं लागत नाही. कुस्तीचं तसं नसतं. डाव कळला नाही तर तिथे दोन माणसं नुसती झटताना दिसतात.

म्हणून यात्रा कमिट्यांना एक विनंती. मोलगीच्या बाजूला दंगल भरवाल तेव्हा माइक मान्यवरांच्या सत्कारात अडकवू नका. डाव ओळखणाऱ्या, जमल्यास एखाद्या जुन्या पैलवानाच्या हाती तो द्या, आणि त्याला तिथल्या भिलीत बोलू द्या.