शस्त्रक्रियेनंतर पोटात पाणी का साठते?

जळगाव : हर्नियाची किंवा पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया सुरळीत पार पडते, रुग्ण घरी येतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचे पोट फुगू लागते. 'गॅस झाला असेल', 'टाके नीट घातले नसतील', असे तर्क नातेवाईक लढवतात. दोष मात्र अनेकदा टाक्यांचा नसून आधीच निबर झालेल्या यकृताचा असतो.

मद्यपान, 'ब' व 'क' प्रकारची कावीळ किंवा मधुमेह-स्थूलतेसोबत यकृतात साठणारी चरबी यांतून सिरॉसिस होतो. मग यकृतातून रक्त सहज वाहत नाही आणि आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतील दाब वाढतो. रक्तात पाणी धरून ठेवणारे अल्ब्युमिन घटते, मूत्रपिंडे मीठ व पाणी राखू लागतात आणि पाणी पोटाच्या पोकळीत झिरपते. हाच जलोदर. कसेबसे काम भागवणारे यकृत भूल, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाच्या ताणाखाली कोलमडू शकते. शिवाय, सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते; जलोदराच्या रुग्णाला दिवसभरात साधारण पाच ग्रॅमच चालते!

म्हणूनच जुनी कावीळ वा दारूची सवय शल्यचिकित्सकांपासून लपवू नये. तातडीची नसलेली शस्त्रक्रिया यकृत सावरेपर्यंत पुढे ढकलता येते. सोनोग्राफी व रक्ततपासणीची सोय धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहे. जळगावातही २०१८ पासून शासकीय महाविद्यालय आहे.

जखमेतून पाणी पाझरणे, ताप, पोटदुखी, लघवी कमी होणे किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सुईने थोडे पाणी काढून जंतुसंसर्ग आहे का, हे तपासले जाते. पाच लिटरहून अधिक पाणी काढल्यास शिरेतून अल्ब्युमिन द्यावे लागते. दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात.

घरच्या पथ्यात पापड, लोणचे, शेव वर्ज्य. डाळ, अंडी मात्र बंद करू नयेत. त्याने रुग्ण आणखी खंगतो. राहता राहिली जळगावची केळी. लघवी वाढवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनच्या गोळ्यांनी रक्तातील पोटॅशियम वाढू शकते आणि केळ्यात तेच भरपूर असते. त्यामुळे केळी किती खावीत, हे रक्त तपासून डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.