रंगमंचावरचा लॅपटॉप किती भरवशाचा?

गणेशोत्सव, कोजागिरी, दिवाळी पहाट आणि महाराष्ट्र दिन. परदेशातील आपल्या मंडळांचे वर्ष या कार्यक्रमांभोवती फिरते, आणि यांपैकी एकही कार्यक्रम गाण्यावाचून पार पडत नाही. पूर्वी गाणे ठरले की पेटीवाला आणि तबलजी शोधणे हे चिटणिसांचे पहिले काम असे. आता बऱ्याच ठिकाणी मंचाच्या कडेला एक टेबल मांडतात, त्यावर लॅपटॉप ठेवतात आणि त्याला वीतभर लांबीची एक पेटी जोडतात. साथीची सारी वाद्ये त्या लॅपटॉपमध्ये भरलेली असतात. ती वीतभर पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. प्रेक्षकांना तिचे नावही ठाऊक नसते. पण ऐन अंतऱ्यात तिने मान टाकली की सारे सभागृह टेबलाकडे पाहू लागते. गायिका मंचावर एकटी पडते आणि टेबलामागचा स्वयंसेवक घामाघूम होतो.

हे टाळता येते का? बऱ्याच अंशी येते. मात्र त्यासाठी ही पेटी काय काम करते ते समजून घेतले पाहिजे.

टाकी आणि नळ

माईकमधून येतो तो विजेचा प्रवाह. आवाजाप्रमाणे तो सतत वरखाली होत असतो. संगणकाला प्रवाह कळत नाही, आकडे कळतात. म्हणून इंटरफेस त्या प्रवाहाचे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा माप घेतो आणि आकडे संगणकाला देतो. ट्रॅक वाजवताना हेच काम उलट होते. संगणक आकडे देतो आणि इंटरफेस त्यांचा पुन्हा प्रवाह करून मिक्सरकडे धाडतो.

अडचण अशी की इंटरफेसचे घड्याळ कोणासाठी थांबत नाही, आणि संगणकाला मात्र शंभर कामे असतात. पडदा रंगवायचा, वायफाय शोधायचे, नव्या आवृत्त्या उतरवायच्या, मधूनच जुन्या फायली चाळायच्या. म्हणून दोघांच्या मध्ये आकड्यांचा एक साठा ठेवतात, त्याला बफर म्हणतात. आपल्याकडच्या इमारतींवरील पाण्याच्या टाकीसारखाच हा प्रकार आहे. नगरपालिकेचे पाणी वेळीअवेळी आले तरी टाकीत साठा असेल तोवर नळाची धार तुटत नाही. टाकी रिकामी झाली की नळ फुरफुरतो. स्पीकरमधून अचानक ऐकू येणारा तो ‘टक्’ आवाज म्हणजे रिकाम्या टाकीचीच फुरफुर.

मग टाकी मोठी का ठेवू नये? कारण साठा जितका मोठा, तितका आवाज उशिरा बाहेर पडतो. ४८,००० च्या गतीला ६४ मापांचा बफर भरायला सेकंदाचा साडेसातशेवा भाग लागतो. १,०२४ मापांच्या बफरला सेकंदाचा जवळजवळ सत्तेचाळिसावा भाग लागतो. गायकाचा आवाज संगणकातून फिरवून, त्यावर घुमारा चढवून त्याच्याच कानांत परत द्यायचा असेल तर तो आत जाताना आणि बाहेर येताना असा दोनदा अडतो. मोठ्या बफरचा उशीर तेव्हा चांगलाच जाणवतो आणि लय डळमळते. मात्र लॅपटॉपमधून नुसता ट्रॅक वाजवायचा असेल तर प्रश्नच उरत नाही. बटण दाबल्यावर ट्रॅक सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने उशिरा सुरू झाला तरी कोणाला कळणार?

मंडळांच्या कामात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. घरी ध्वनिमुद्रणासाठी बफर लहान केलेला असतो आणि तोच लॅपटॉप तसाच कार्यक्रमाला येतो. ट्रॅक वाजवण्यापुरताच तो आणला असेल तर बफर ५१२ किंवा १,०२४ वर न्यावा. गायकांचे माईक संगणकातून न फिरवता थेट मिक्सरमध्ये जोडावेत. म्हणजे लॅपटॉप बंद पडला तरी निदान गळा तरी ऐकू येईल.

ऐन वेळी सूर का चढतो?

काही वेळा ट्रॅक वाजतो, पण भलत्याच पट्टीत. फाईल ४४,१०० ची असते आणि जोडणीत कुठे तरी गडबड होऊन ती ४८,००० च्या गतीने पळते. गाणे जवळजवळ नऊ टक्क्यांनी जलद होते आणि सूर सुमारे दीड पट्टी वर चढतो. काळी एकमध्ये तयार केलेले गाणे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्येच कुठे तरी लोंबकळते. अशा पट्टीत गाणार कोण आणि पेटी धरणार कोण? यावर उपाय साधा आहे. सर्व ट्रॅक आधीच एकाच गतीचे करून घ्यावेत, इंटरफेस आणि वाजवण्याचा प्रोग्राम त्याच गतीवर ठेवावा, आणि सभागृहात गेल्यावर प्रत्येक गाण्याचा मुखडा तरी वाजवून पाहावा.

वायर आणि वीज

इंटरफेस बिघडला असे म्हणतात तेव्हा दोष पुष्कळदा वायरीचा असतो. माईकच्या तीन पिनांच्या जोडाला खटका असतो, तो सहसा सुटत नाही. यूएसबीच्या नेहमीच्या जोडाला असा खटका नसतो. कोणाचा पाय अडकला की खेळ संपला. म्हणून ती वायर टेबलाला चिकटपट्टीने बांधावी. यूएसबी २.० ची वायर नियमानुसार ५ मीटरपेक्षा लांब नसावी. तेव्हा इंटरफेस लॅपटॉपजवळच ठेवावा आणि मिक्सरपर्यंतचे लांब अंतर बॅलन्स्ड केबलने कापावे. या केबलमध्ये एकच आवाज दोन तारांतून परस्परविरुद्ध जातो. वाटेत शिरलेली खरखर दोन्ही तारांत सारखीच असते, म्हणून शेवटी वजाबाकीत ती नाहीशी होते.

विजेचेही असेच. यूएसबी २.० च्या एका खाचेतून नियमाप्रमाणे ५ व्होल्टवर ५०० मिलिॲम्पियर, म्हणजे अडीच वॉट मिळतात. त्यातच इंटरफेस चालवायचा आणि कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टही द्यायचे म्हणजे ओढाताण आलीच. स्वस्त हब लावून त्याच खाचेवर आणखी दोन उपकरणे टांगली तर दोष इंटरफेसला देऊ नये. ज्या इंटरफेसला स्वतंत्र वीजजोडणीची सोय आहे, त्याला ती द्यावी.

सभागृहात शिरताच ऐकू येणारी ती संथ गुणगुण हा आणखी एक जुना दुखणेकरी. भारतात, ब्रिटनमध्ये आणि अमिरातीत वीज सेकंदाला १०० वेळा दिशा पालटते, अमेरिकेत १२० वेळा. लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्याच टोकाला, आणि दोघांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह आवाजाच्या तारेत उतरला की गुणगुण सुरू होते. दोन्ही उपकरणे एकाच जागेवरून वीज घेतील असे पाहावे, आणि मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावावा. गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग भेटतात. तसे कोणालाही करू देऊ नये. त्या मंचावर धातूचा माईक हातात धरून आपलेच मूल उभे असते.

दुसरा गडी हवाच

मोठ्या संगीत कार्यक्रमांत एकाच संगणकावर कोणी विसंबत नाही. तेथे दोन संगणक तोच ट्रॅक एकाच वेळी वाजवत असतात. पहिल्यातून गाण्याबरोबर एक सतत वाजणारा खुणेचा सूर निघतो. तो प्रेक्षकांपर्यंत जात नाही, फक्त मधल्या स्विचला ऐकू येतो. सूर तुटला की स्विच आपोआप दुसऱ्या संगणकाकडे वळतो. लाखो रुपये खर्चून उभ्या केलेल्या कार्यक्रमालाही दुसरा गडी लागतो, मग आपल्यालाच का नको?

मंडळाला एवढा खर्च करण्याची गरज नाही. तेच ट्रॅक एका फोनमध्ये भरावेत. फोन विमान मोडवर ठेवावा, नाही तर भैरवीत भाचीचा फोन यायचा. तो मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलला जोडून लॅपटॉपबरोबरच सुरू करावा आणि त्याचा आवाज बंद ठेवावा. वेळ आली की पट्टी वर सरकवायची, एवढेच काम. लॅपटॉपवरचे वायफाय, सूचना, झोपी जाण्याची सोय आणि आपोआप येणाऱ्या नव्या आवृत्त्या कार्यक्रमापुरत्या बंद कराव्यात. कार्यक्रमाच्या आठवड्यात संगणकावर कोणतीही नवी गोष्ट चढवू नये. कालपर्यंत चालत होते ते आज मुद्दाम बदलण्यात शहाणपण नाही. आणि तालीम घरच्या सोफ्यावर न घेता त्याच लॅपटॉपवर, त्याच वायरींनी, सलग दोन तास घ्यावी. दहा मिनिटांत न दिसणारा दोष दीड तासाने दिसतो.

साथ कशाला म्हणायचे?

एवढे सारे केले तरी एक गोष्ट कोणताही इंटरफेस देत नाही. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना तबल्यावर थिरकवाँखाँसाहेबांची आणि सारंगीवर कादरबक्षांची साथ होती. गायकाला एक तान अधिक घ्यावीशी वाटली तर साथीदार थांबत. शब्द अडखळला तर ते जागा भरून काढत. ट्रॅक थांबत नाही, सावरत नाही, पाहतही नाही. पहिल्यांदाच मंचावर उभी राहिलेली दहा वर्षांची मुलगी एक ओळ विसरली की ट्रॅक तिला मागे टाकून पुढे निघून जातो. तेव्हा यंत्र बिघडलेले नसते, ते चोख चालू असते. तरीही त्या मुलीला साथ मिळालेली नसते.

म्हणून कार्यकारिणीला एक सुचवावेसे वाटते. इंटरफेस चांगला घ्या, फोन जोडून ठेवा, वायरी बांधा. पण प्रत्येक कार्यक्रमात मंचावर एक पेटी आणि एक तबला मांडलेला असू द्या. आपल्या गावात वाजवणारे कोणी ना कोणी असतेच, त्यांना वर्षभर कोणी विचारत नाही म्हणून त्यांची बोटे आखडतात. निदान मुलांची गाणी तरी त्यांच्याकडे सोपवा. लॅपटॉप थांबला तर कार्यक्रम थांबणार नाही, आणि थांबला नाही तरी आपल्या मुलांना कळेल की गाताना चुकले तर कोणी तरी त्यांच्यासाठी समेवर थांबून राहते.