माणसं तीच, मग कारखाना सुधारला कसा?

‘हल्ली धड कामगारच मिळत नाहीत,’ ही तक्रार बेळगावच्या उद्यमबागेत काय किंवा इंदूरजवळच्या पिथमपूरमध्ये काय, कुठेही ऐकायला मिळते. पण खोट माणसांत असते की त्यांना वागवण्याच्या पद्धतीत? अमेरिकेतल्या एका कारखान्याने याचं उत्तर दिलं आहे.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथला जनरल मोटर्सचा मोटार कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. पाचातला जवळजवळ एक कामगार रोज दांडी मारायचा. युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात कायम भांडण, गाड्यांचा दर्जाही सुमार. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना ‘नुम्मी’ नावाने पुन्हा सुरू झाला. कारभार टोयोटाच्या हाती होता, पण युनियन जुनीच आणि बहुतेक कामगारही जुनेच. तरीही दोनेक वर्षांत गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि गाड्या जपानमधल्या गाड्यांच्या तोडीच्या होऊ लागल्या.

बदललं काय?

पहिलं म्हणजे, कामगारांचे छोटे गट केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकमेकांची कामं शिकवली. एखादा आला नाही तरी काम अडत नसे.

दुसरं, चूक दिसली की दोरी ओढायची मुभा प्रत्येकाला मिळाली. दोष वेळेत निघाला नाही तर अख्खी लाइन थांबायची. पूर्वी लाइन थांबवणं हा गुन्हाच होता, त्यामुळे दोष तसाच पुढे सरकायचा.

तिसरं आणि सर्वांत मोठं, नोकरीची हमी. १९८८ च्या सुमारास मागणी घटली तेव्हा कोणालाही घरी बसवलं नाही. रिकामा वेळ प्रशिक्षणात घातला.

या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. नोकरी जाण्याची धास्ती असलेला माणूस चूक लपवतो. लपवलेली चूक पुढच्याच्या गळ्यात पडते, आणि तिथून एकमेकांवर ढकलाढकली सुरू होते. म्हणून नुसती दोरी बांधून भागत नाही. ती ओढणाऱ्याला ओरडा बसणार नाही, ही खात्री आधी लागते.

दहा माणसांच्या वर्कशॉपलाही हे लागू पडतं, आणि त्याला खर्च काही नाही. कामगार बिघडलेला जॉब घेऊन समोर आला, की मालकाच्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो: ‘कोणी केलं?’ की ‘कशामुळे झालं?’ पुढच्या वेळी तो चूक दाखवणार की झाकणार, हे तिथेच ठरतं.