गोळी सुटू नये म्हणून

उच्च रक्तदाब सहसा दुखत-खुपत नाही. म्हणूनच जरा बरं वाटलं की गोळ्या सुटतात, आणि धोका वाढतो तो पक्षाघाताचा, हृदयविकाराचा. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात २०१८ पासून वापरात आलेलं ‘सिंपल’ हे मोबाइल ॲप नेमकं इथेच कामाला येतं. रुग्णाच्या कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, की परिचारिकेला मागच्या नोंदी दिसतात. आजचा दाब, समजा १५०/९६, टिपायचा, पुढची तारीख द्यायची. त्या तारखेला रुग्ण आला नाही, तर त्याचं नाव थकीत यादीत येतं आणि आरोग्य केंद्रातून फोन जातो. उद्दिष्ट एकच: दाब १४०/९० च्या खाली. दाब उतरवते ती रोजची गोळी. तिच्यात खंड पडू नये, म्हणून ॲप मदत करतं. तुमची तारीख हुकली असेल, तर फोनची वाट पाहू नका. आजच दाब मोजून घ्या.