मधुमेहात कंडरा उशिरा का भरते? वनौषधींचा वाटा किती?

आजचा विषय नावाला अवघड आहे, पण त्रास आपल्या ओळखीचा आहे. वरवट बकालच्या शिवारात कापूस वेचणारी बाई सांगते, "हात वर जातच नाही, खांदा धरला." डवरणी करणारा म्हणतो, "टाचेच्या वरची शीर महिना झाला, दुखायची थांबत नाही." यांतल्या ज्यांना शुगर आहे, त्यांचं दुखणं जास्तच रेंगाळतं. मग कोणी हळद सुचवतं, कोणी गुळवेल, कोणी आवळा. त्यात तथ्य किती, ते आज पाहू.

आपण जिला 'शीर' म्हणतो ती इथे रक्तवाहिनी नसते. स्नायूला हाडाशी बांधणारा तो पांढरा, चिवट दोर असतो. त्याला कंडरा म्हणतात. दोराला जसे पीळ, तसे हिच्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे. हिला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती धडधाकट माणसातही सावकाश भरते. आधी सूज येते, मग नवे धागे विणले जातात, मग ते ओढीच्या दिशेने नीट लागतात. या शेवटच्या टप्प्याला कित्येक महिने जातात.

आता साखर काय करते? तुम्ही तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी तपासणी करता ना? रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ते ती मोजते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ती साखर पेशीबरोबर निघून जाते. पण तशीच साखर कोलॅजेनलाही चिकटते, आणि तिथे ती पटकन निघत नाही. टाचेच्या वरच्या मोठ्या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षानंतर जवळजवळ बदलतच नाही, असं डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. म्हणजे वर्षानुवर्षांची साखर तिथे साचते. धागे एकमेकांना जखडतात आणि कंडरेचा लवचीकपणा जातो.

दुसरं नुकसान पेशींचं. जास्त साखरेमुळे पेशींत फ्री रॅडिकल्स वाढतात. हे अस्थिर रेणू शेजारच्या रेणूंना इजा करतात. सूज लांबते, आणि नवे धागे विणणाऱ्या पेशी मंदावतात.

अँटिऑक्सिडंट इथे कामाला येतात. चिरलेल्या सफरचंदावर लिंबू पिळलं की ते लवकर काळं पडत नाही, हे तुम्ही पाहिलंय. लिंबातलं सी जीवनसत्त्व अँटिऑक्सिडंट आहे. ते आवळ्यात भरपूर असतं. हळदीतलं कर्क्युमिनही त्याच गुणाचं. मधुमेही केलेल्या उंदरांवर कर्क्युमिनचे प्रयोग झाले, त्यांत कंडरेची भरण सुधारल्याचं दिसलं.

पण उंदीर आणि माणूस यांत फरक आहे, आणि मात्रेतही आहे. हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के. त्यातलंही आतड्यातून फार थोडं रक्तात जातं. हळद-दुधाच्या पेल्यातून प्रयोगातली मात्रा मिळत नाही.

कोणी म्हणेल, "सर, हळदीने जखम भरते हे तर अमेरिकेतही सिद्ध झालं." ती गोष्ट नीट समजून घ्या. १९९५ मध्ये जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. सिद्ध झालं ते एवढंच, की हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून होतं. मधुमेही माणसाची कंडरा हळदीने किती भरते, हा प्रश्न तिथे नव्हताच.

आणि आपल्या भागासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. संग्रामपूर तालुक्यातली अनेक गावं पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येतात. इथे किडनीच्या आजाराचे रुग्ण वर्षानुवर्षं आढळत आले आहेत. मधुमेहही किडनी खराब करतो. त्यात खांद्यासाठी रोज डायक्लोफेनॅकची गोळी घेतली तर किडनीवर आणखी एक भार पडतो. बिनलेबलचं "जडीबुटी" चूर्ण घेऊन दोन दिवसांत आराम पडला, तर शंका घ्या. अशा भेसळीत स्टेरॉईड सापडलेलं आहे. ते साखर वाढवतं आणि कंडराही कमजोर करतं. गुळवेल दीर्घकाळ घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तोवर शहाणपण हेच, की रोज काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

मग करायचं काय? भाजीत हळद राहू द्या, हंगामात आवळा खा. पण पहिलं औषध म्हणजे साखर आटोक्यात ठेवणं. चिकटलेली जुनी साखर कोणतीही वनस्पती ओढून काढत नाही, नवी चिकटणं मात्र आपण कमी करू शकतो. दुसरं, पूर्ण विश्रांतीही नको आणि एकदम ओझंही नको. नव्या धाग्यांना दिशा मिळते ती हलक्या, हळूहळू वाढवलेल्या ताणाने. भिंतीवर बोटं चढवत हात रोज थोडा वर न्या. टाचेसाठीचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. तिसरं, वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासा. आणि टाचेच्या वर 'टप्' असा आवाज होऊन चवड्यावर उभं राहता आलं नाही, तर लेप लावत बसू नका. कंडरा तुटलेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.