माजरीतला समुद्र: टाकीत हात किती घालायचा?

खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक रोज आत हात घालणारा, दुसरा टाकीला आपल्या तंद्रीत सोडणारा. या दुसऱ्या पंथाचे जुने नाव म्हणजे इंडोनेशियाचे ली चिन एंग. जिवंत खडक, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालते, हे त्यांनी 1961 मध्ये मांडलं. खडकातले जिवाणू माशांच्या घाणीतला अमोनिया पचवतात. नळाच्या क्लोरिनच्या पाण्याने खडक लख्ख घासला की तेच मरतात. त्यामुळे आतली लुडबूड कमी, हे मला पटतं.

पण ली चिन एंग यांच्या दाराशी समुद्र होता. आपल्याकडे माजरीत, कोळसा खाणींच्या गावात, उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. पाणी उडतं, मीठ मागे राहतं आणि लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास हवा असलेला खारेपणा चढत जातो. म्हणून रोजची घट आरओच्या गोड्या पाण्यानेच भरायची, मिठाच्या नाही! नवखे हमखास इथे गडबडतात. पाणी 25-26 अंशांवर ठेवायचं तर चिलर हवा. नुसत्या पंख्याने पाणी थंडावतं खरं, पण बाष्पीभवन आणखी वाढतं. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असू द्या. कोळशाच्या धुळीसाठी झाकण हवंच.

आणि हो, दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी मालवणचं प्रवाळ विकायला आणलं तर घेऊ नका, सच्छिद्र सिरॅमिकचे खडक वापरा.