निळ्या नळीचा शोधनिबंध

एका संशोधकाने दुसऱ्याच्या निबंधाचा आधार घेतला, की मूळ निबंधाच्या खात्यात एक संदर्भ जमा होतो. या मोजणीत अग्रस्थानी आहे ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१चा निबंध. २०१४पर्यंत त्याचे संदर्भ ३ लाखांवर गेले होते. विषय साधा, प्रथिनं मोजण्याची कृती. जीवरसायनशास्त्रातले कितीतरी मोठे शोध या मोजणीत मागे आहेत, कारण ते पाठ्यपुस्तकात मुरले आणि मूळ निबंधाचं नाव घेणं थांबलं. कृतीचं मात्र नाव घ्यावंच लागतं. म्हणून हा आकडा मला वापराचा हिशेब वाटतो, आणि तो मोलाचाच आहे. लाउरींची कृती अशी: उदाहरणार्थ, पातळ केलेल्या दुधात अल्कधर्मी तांब्याचं द्रावण घाला, मग फोलिन अभिकर्मक. थोड्या वेळात नळी निळी होते. प्रथिन जितकं जास्त, तितका रंग गडद.